यॉर्कमध्ये आईवडील आणि मुलीला घेऊन कुठे जेवाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात यॉर्कला तीन रात्री मुक्काम आहे. सोबत आई, वडील आणि दहा वर्षांची मुलगी. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. वडील मासे, चिकन, मटण खातात, पण गोमांस वर्ज्य. तुम्ही दोघं नवराबायको आणि मुलगी नवं काहीही चाखायला तयार. कुठे जेवायचं, कुठलं आरक्षण आधी करायचं, आणि गावात एखादं बरं भारतीय हॉटेल आहे का?

मी बरीच वर्षं यॉर्कशायरमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखते. त्यातलं जेवणाचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही, कारण सहलीत घरच्या माणसांची कुरबुर सुरू होते ती बहुतेक वेळा जेवणावरूनच. म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. यॉर्कमध्ये दिवसाचं मुख्य जेवण दुपारी घ्या आणि रात्रीचं हलकं ठेवा. आपली सवय नेमकी उलटी. दिवसभर फिरायचं, मध्ये काहीतरी पोटात ढकलायचं आणि रात्री साडेआठला निवांत जेवायला बसायचं. यॉर्कमध्ये हा क्रम अंगाशी येतो. बऱ्याच ठिकाणची स्वयंपाकघरं दुपारी अडीच-तीनला बंद होतात, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पुन्हा उघडतात आणि नऊच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतात. पबमध्ये तर कधी कधी आठलाच ‘किचन बंद’ असं ऐकावं लागतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं एक तास मागे जातात आणि मग साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. ओल्या फरसबंदीवरून, गार वाऱ्यात, अंधारात आईवडिलांना हॉटेल शोधत फिरवणं बरं नाही. शिवाय शुक्रवार-शनिवारी रात्री मिकलगेटसारखे रस्ते पिऊन रंगात आलेल्या टोळक्यांनी भरलेले असतात. एरवी कुणाला त्याचा त्रास होत नाही, पण वृद्धांना आणि लहान मुलांना तो गोंगाट नकोसा होतो. चांगल्या रेस्तराँचं दुपारचं जेवण बऱ्याचदा रात्रीपेक्षा स्वस्तही पडतं. तेव्हा साडेबारा-एकच्या जेवणाचं आरक्षण करा, चारच्या सुमारास चहा आणि काहीतरी गोड, आणि सात वाजता साधं जेवण. हा क्रम पाळलात तर निम्मी काळजी मिटली.

त्याच आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे आरक्षण दोन-तीन आठवडे आधी करून ठेवा. बरीच लहान रेस्तराँ सोमवारी आणि मंगळवारी बंद असतात, तेही तारखा ठरवताना बघून घ्या.

आता दुसरी गोष्ट, जी प्रवासाच्या माहितीपत्रकात सहसा छापलेली नसते. ती म्हणजे तळणाची चरबी. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्स परंपरेने ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत, तळतात. इंग्लंडच्या दक्षिण भागात वनस्पती तेल जास्त चालतं. उत्तरेकडे मात्र जुन्या दुकानांना ड्रिपिंगचा अभिमान असतो आणि ते दुकानात तशी पाटीही लावतात. इथल्या लोकांच्या मते खरी चव आणि खरा कुरकुरीतपणा त्यातच आहे. आता बघा, तुमच्या वडिलांना मासा चालतो, म्हणून ते निर्धास्तपणे हॅडॉक आणि चिप्स मागवतील. (यॉर्कशायरमध्ये कॉडपेक्षा हॅडॉकला जास्त मान.) आई म्हणेल, मी नुसते बटाट्याचे चिप्स खाते. आणि दोघांच्याही पोटात नेमकं तेच जाईल जे त्यांना नको आहे. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न एकच विचारायचा: ‘तुम्ही कशात तळता?’ हा प्रश्न तिथे रोजचा आहे, कुणाला राग येत नाही, उत्तर सरळ मिळतं. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत, काही ठिकाणी वेगळी कढई ठेवलेली असते. मटार उकडून केलेले मऊ ‘मशी पीज’ मात्र आईला बिनधास्त द्या. त्यावर थोडं मीठ आणि व्हिनेगर घातलं की छान लागतात.

यॉर्कशायर पुडिंगचंही तसंच. नाव पुडिंग असलं तरी तो गोड पदार्थ नाही. मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवतात. पूर्वी ते भाजत असलेल्या मांसाच्या खाली ठेवत, म्हणजे वरून ठिबकणारी चरबी वाया जात नसे. आईचा प्रश्नच नाही. वडिलांसाठी चरबी कुठली ते विचारा. मुलीला मात्र ते नक्की खायला घाला. लो पीटरगेटच्या बाजूला यॉर्क रोस्ट कंपनीकडे पुडिंगची पोळीसारखी गुंडाळी करून आत भाजलेलं मांस, भाज्या आणि ग्रेव्ही भरून देतात. हातात धरून चालता चालता खाण्याचा प्रकार आहे आणि मुलांना तो फार आवडतो.

‘आमच्याकडे ॲलर्जीचा तक्ता आहे, त्यात बघा’ असं तुम्हाला सगळीकडे सांगतील. तो तक्ता उपयोगी आहे, पण अर्धाच. ब्रिटनच्या कायद्यानुसार १४ घटक जाहीर करणं बंधनकारक आहे: अंडं, दूध, मासे, शेंगदाणे, तीळ, मोहरी वगैरे. त्यामुळे अंड्याबद्दल तुम्हाला नेमकं उत्तर मिळेल. गोमांसाची चरबी, प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं जिलेटिन आणि चीजसाठी दूध गोठवायला वापरतात ते वासराच्या जठरापासूनचं रेनेट या तीन गोष्टी त्या १४ मध्ये नाहीत. त्या तोंडानेच विचाराव्या लागतात. पार्मेझान चीजमध्ये हे रेनेट नेहमीच असतं. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. मांसाला पर्याय बनवणाऱ्या ‘क्वॉर्न’ कंपनीचे शाकाहारी म्हणून मिळणारे बरेच पदार्थ अंड्याच्या पांढऱ्या बलकात बांधलेले असतात. आणि इंग्लंडमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं आलंच, हे आईला आधीच समजावून सांगा.

यावर माझा खात्रीचा तोडगा असा: आईसाठी शाकाहारी पदार्थ शोधूच नका, ‘व्हीगन’ पदार्थ मागा. व्हीगन म्हटलं की अंडं, रेनेट, जिलेटिन, प्राण्यांची चरबी हे सगळं एका शब्दात बाद होतं, आणि वेटरला लांबलचक खुलासा करत बसावं लागत नाही. मग आईला हवं तर वर लोणी, साय किंवा दही वेगळं मागून घ्या. फक्त तळलेला पदार्थ असेल तर कढई वेगळी आहे का तेवढं विचारा. दुकानातून बंद पाकिटातलं सँडविच घेतलंत तर घटकांच्या यादीत अंडं ठळक अक्षरांत छापलेलं असतं, त्यामुळे ते पटकन नजरेस पडतं. पार्लमेंट स्ट्रीटवर मार्क्स अँड स्पेन्सर आहे. पाऊस नसेल तर तिथून सँडविच, फळं आणि ताक-दह्यासारखं काही घेऊन म्युझियम गार्डन्समध्ये सेंट मेरीज ॲबीच्या भग्न भिंतींशेजारी बसता येतं. दह्याच्या डब्यावर जिलेटिन लिहिलेलं नाही ना, एवढं वाचा.

आता ठिकाणं.

बेटीज कॅफे टी रूम्स, सेंट हेलेन्स स्क्वेअर. पर्यटकांची गर्दी असते म्हणून टाळा, असं काही जण सांगतील. मी उलट सांगते: जा. फ्रेडरिक बेलमाँट नावाच्या स्विस मिठाईवाल्याने १९१९ मध्ये हॅरोगेटला पहिलं बेटीज काढलं. १९३६ मध्ये तो ‘क्वीन मेरी’ या जहाजाच्या पहिल्या सफरीवर गेला आणि त्या जहाजाच्या सजावटीने इतका भारावला की यॉर्कच्या दुकानासाठी त्याने त्याच कारागिरांना बोलावलं. यॉर्कचं बेटीज १९३७ मध्ये उघडलं. ती लाकडी तावदानं, वळणदार मोठ्या काचा आणि चांदीच्या किटल्या आजही तशाच आहेत. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या विमानतळांवरचे वैमानिक, त्यांत पुष्कळ कॅनेडियन, इथे येत. त्यातल्या शेकडो जणांनी एका आरशावर हिऱ्याच्या टोकाने आपापली नावं कोरली. तो आरसा तळघरात आहे. चहा पिऊन झाल्यावर मुलीला खाली नेऊन तो दाखवा आणि ही पोरं विशीतली होती हेही सांगा.

बेटीजमध्ये काय मागवायचं? चहा सुट्या पानांचा असतो, गाळणी आणि दूध वेगळं येतं. वडिलांना कडक चहा लागत असेल तर आसाम मागा, पाच मिनिटं मुरू द्या. १९६२ पासून बेटीज आणि हॅरोगेटचे टेलर्स हे एकाच घराण्याचे उद्योग आहेत, आणि आपल्याकडेही अनेकांना ठाऊक असलेला ‘यॉर्कशायर टी’ याच टेलर्सचा. संस्थापक स्विस असल्यामुळे मेन्यूवर बटाट्याची रोश्टीही असते. ‘फॅट रास्कल’ हा चेरी आणि बदामांचा चेहरा लावलेला मोठा गोल बन यांची खासियत. त्यात अंडं असतं, तेव्हा तो तुमच्यासाठी आणि मुलीसाठी. तीन मजली थाळ्यातला ‘आफ्टरनून टी’ घ्यायचा असेल तर आधी आरक्षण करा आणि आईचा अंड्याचा नियम त्याच वेळी कळवा, ऐनवेळी काही करता येत नाही. त्यातल्या स्कोनवर, म्हणजे छोट्या गोल पावावरसुद्धा, पुष्कळदा अंड्याचा हात फिरवलेला असतो. नुसता चहा आणि केक हवा असेल तर सकाळी नऊच्या सुमारास जा. अकरानंतर रांग काचेच्या कडेने पार कोपऱ्यापर्यंत जाते आणि आईवडिलांना तेवढा वेळ उभं ठेवणं योग्य नाही.

बेटीजच्या चौकातच एका जुन्या इमारतीवर ‘टेरी’ हे नाव अजून वाचता येतं. यॉर्कमधल्या चॉकलेट बनवणाऱ्या दोन मोठ्या घराण्यांपैकी हे एक. संत्र्याच्या आकाराचं ‘चॉकलेट ऑरेंज’ १९३२ मध्ये बाजारात आणणारे ते हेच टेरी. त्यांचा यॉर्कमधला कारखाना २००५ मध्ये बंद झाला. दुसरं घराणं राउंट्री यांचं. हेन्री आयझॅक राउंट्री यांनी १८६२ मध्ये कोकोचा व्यवसाय विकत घेतला. घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, दारूच्या विरोधात, म्हणून कोको हे त्यांना पटणारं पेय. १९३५ मध्ये त्यांनी ‘चॉकलेट क्रिस्प’ नावाची वडी काढली आणि दोन वर्षांनी तिचं नाव किटकॅट ठेवलं. १९८८ मध्ये कंपनी नेस्लेकडे गेली, पण किटकॅट आजही यॉर्कमध्ये बनतं. वारा तसा असला की गावात गोडसर वास येतो. किंग्ज स्क्वेअरमधलं ‘यॉर्क्स चॉकलेट स्टोरी’ हे दालन मुलीला आवडेल. तिथे चाखायलाही मिळतं. आईसाठी गोळ्या-जेली घेताना जिलेटिनचं बघा.

शॅम्बल्स ही चिंचोळी, वरची घरं एकमेकांवर झुकलेली गल्ली तुम्ही फोटोंत पाहिली असेल. ही मुळात खाटकांची गल्ली. १८७२ मध्येसुद्धा इथे २५ खाटकांची दुकानं होती, आज एकही नाही. काही दुकानांपुढे मांस मांडायच्या फळ्या आणि वर आकडे अजून आहेत, ते मुलीला शोधायला सांगा. खाण्यासाठी मात्र गल्लीत थांबू नका. मागच्या बाजूला शॅम्बल्स मार्केट आहे, तिथे खाण्याच्या टपऱ्या एकत्र आहेत आणि मधोमध बसायची सोय आहे. पाच जणांच्या पाच आवडी असलेल्या कुटुंबाला ही जागा फार सोयीची, कारण प्रत्येकाने वेगळ्या टपरीवरून घ्यायचं आणि एकाच टेबलावर बसायचं. आईला समोर डोळ्यांदेखत तयार होताना दिसतं, विचारता येतं, त्यामुळे तिचा जीव शांत राहतो. हा बाजार दिवसाचा आहे, दुपारी एकला पोचा. पावसाच्या दिवशी बसणं अवघड होतं, तेव्हा हवामान बघून हा बेत आखा.

फॉसगेट आणि त्याला लागून वॉमगेट हे खाण्याचे रस्ते. यॉर्कला येणारे बरेच जण मिन्स्टर हे भव्य चर्च आणि शॅम्बल्स करून परत जातात आणि दहा मिनिटांवरच्या फॉसगेटला पोचतच नाहीत. मला विचाराल तर गावातला मोकळेपणाने बसून खाण्याचा रस्ता तोच. ‘हेअरी फिग’ हे तिथलं छोटं दुकान आहे, चीज, तेलं, व्हिनेगर आणि पावांचं. वेन्स्लीडेल या स्थानिक चीजचा तुकडा फ्रूट केकबरोबर खायची इथली पद्धत आहे, ती तुम्ही दोघं करून बघा. ‘स्प्रिंग एस्प्रेसो’त कॉफी उत्तम मिळते. त्याच रस्त्यावरचा ‘ब्लू बेल’ हा पब १९०३ मध्ये सजवला तसाच जपलेला आहे, लाकडी पाट्या आणि नक्षीच्या काचा तशाच. तो इतका लहान आहे की पाच जणांचं कुटुंब तिथे मावणार नाही. एका संध्याकाळी आईवडील आणि मुलगी खोलीवर विश्रांती घेत असतील तेव्हा तुम्ही दोघं अर्धा तास जाऊन या.

पबमधलं जेवण एकदा तरी घ्याच, आणि ते रविवारी दुपारी. संडे रोस्ट म्हणजे भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, भाज्या, पुडिंग आणि ग्रेव्ही. बाराला सुरू होतं आणि चार वाजेपर्यंत बहुधा संपतं, म्हणून आरक्षण साडेबाराचं. वडिलांसाठी लँब किंवा चिकन घ्या, आणि दोन गोष्टी विचारा: बटाटे कुठल्या चरबीत भाजले आहेत, आणि ग्रेव्ही कशाची आहे. चिकनवरसुद्धा बीफची ग्रेव्ही ओतलेली असू शकते. व्हीगन ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात मागितली की आईवडील दोघांचाही प्रश्न सुटतो. आईसाठी नट रोस्ट, म्हणजे सुकामेवा आणि भाज्यांचा भाजलेला वडीसारखा प्रकार, पण व्हीगन असेल तरच, कारण साधा नट रोस्ट बऱ्याचदा अंड्याने बांधतात. एरवीच्या मेन्यूवर वडिलांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच: शेफर्ड्स पाय हा मेंढीच्या खिम्याचा, कॉटेज पाय गोमांसाचा, आणि नुसतं ‘मिन्स’ किंवा ‘स्टेक पाय’ लिहिलेलं असेल तर ते गोमांसच समजायचं. सॉसेज बहुधा डुकराचं असतं.

पबमध्ये वेटरची वाट बघू नका. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवायचा, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि तिथेच पैसे भरायचे. दारू विकण्याचा परवाना असलेल्या ठिकाणी ग्राहकाने मागितलं तर नळाचं पिण्याचं पाणी फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ‘टॅप वॉटर’ म्हणून जग मागा, बाटलीचे पैसे देऊ नका. पाणी उत्तम असतं. बिलात १० ते १२.५ टक्के सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते ऐच्छिक असतं. सेवा चांगली मिळाली तर मी ते आनंदाने देते.

इमारत बघायची म्हणून पबला जायचं तर स्टोनगेटवरचा ‘ये ओल्ड स्टार इन’. १६४४ पासूनचा परवाना ते सांगतात, आणि त्यांची पाटी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या तुळईवर आहे, म्हणजे तुम्ही तिच्या खालूनच जाता. आतल्या अंगणात बसून कॉफी घेतली तरी चालतं, जेवलंच पाहिजे असं नाही.

रात्रीच्या हलक्या जेवणासाठी माझी पहिली शिफारस ग्रेप लेनवरचं ‘लोस मोरोस’. उत्तर आफ्रिकेच्या धाटणीचं जेवण, सुरुवात बाजारातल्या टपरीपासून झालेली. छोले, वांगी, जिरं, धणे, मिरची, पुदिना या सगळ्या चवी आईवडिलांच्या ओळखीच्या. ब्रिटिश जेवणाच्या दोन दिवसांनंतर मसाल्याचा वास आला की घरच्यांचे चेहरे खुलतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. साडेसहाचं टेबल घ्या.

तुम्हाला दोघांना नव्या पद्धतीचं जेवण बघायचं असेल तर मिकलगेटवरचं ‘स्कॉश’. २०१६ मध्ये सुरू झालं. छोट्या छोट्या डिश मधोमध ठेवून वाटून खायच्या, त्यात यॉर्कशायरचा माल आणि जपानपासून भारतापर्यंतचे मसाले. मुलीला घेऊन दुपारी गेलात तर तिलाही मजा येईल. आरक्षणाशिवाय जाऊ नका.

आणि एक संध्याकाळ आईवडिलांनी मुलीला सांभाळायची तयारी दाखवली, तर मेरीगेटवरचं ‘रूट्स’. हे मी मनापासून सांगते, कारण यॉर्कशायरच्या मातीत काय पिकतं आणि त्याचं काय होऊ शकतं हे इथे कळतं. शेफ टॉमी बँक्स शेतकऱ्याच्या घरातला. ओल्डस्टेड गावी त्यांचं कौटुंबिक शेत आणि ‘ब्लॅक स्वान’ हे हॉटेल आहे. २०१३ मध्ये तो उत्तम रेस्तराँना मिळणारा मानाचा मिशेलिन तारा मिळवणारा ब्रिटनमधला सर्वांत तरुण शेफ ठरला. ‘रूट्स’ २०१८ मध्ये उघडलं आणि २०२१ मध्ये त्यालाही तारा मिळाला. तिथे वर्षाचे चार नव्हे, तीन ऋतू मानतात: सुबत्तेचा, साठवणीचा, आणि हिवाळ्याची साठवण संपून नवं पीक अजून हाती न आलेला टंचाईचा. उन्हाळ्यात पिकलेलं खारवून, आंबवून, वाळवून ठेवायचं आणि पुढे तेच ताटात आणायचं, अगदी आपल्या वाळवणांसारखं. एका माणसाचं बिल १०० पौंडांच्या वर जातं आणि दोन-तीन तास मोडतात. त्याची तयारी असेल तरच जा, आणि बीफ चालत नसेल तर आरक्षणाच्या वेळीच लिहा. या जेवणासाठी दुपारचा नियम मोडला तरी चालेल.

सकाळचा नाश्ता हॉटेलात घेणार असाल तर एक दिवस तरी बाहेर जा. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत बिशपथॉर्प रोड आहे, गावकरी त्याला ‘बिशी रोड’ म्हणतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधला सर्वोत्तम बाजाररस्ता म्हणून त्याची निवड झाली होती. इथे पर्यटक कमी, शेजारीपाजारी जास्त. ‘पिग अँड पेस्ट्री’ला नाश्ता चांगला मिळतो. आईसाठी पाव, भाजलेले टोमॅटो, मशरूम आणि बीन्स एवढं वेगळं मागता येतं. ‘ब्लॅक पुडिंग’ म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज, ते ताटात नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. गावातच राहायचं असेल तर म्युझियम स्ट्रीटवरचं ‘ब्रू अँड ब्राउनी’ किंवा ब्लेक स्ट्रीटवरचं ‘मॅनियन’. दोन्हीकडे दहाच्या आत पोचा.

ऑक्टोबरच्या अखेरीस बेकऱ्यांत ‘पार्किन’ दिसायला लागेल. ओटचं पीठ, काळी ट्रीकल (काकवीसारखा पाक) आणि आलं घातलेला हा चिकट, गडद केक ५ नोव्हेंबरच्या होळीच्या रात्रीसाठी करतात. ती रात्र ज्याच्या नावाने साजरी होते तो पार्लमेंट उडवून देण्याच्या कटातला गाय फॉक्स यॉर्कचाच, १५७० मध्ये जन्मलेला. पार्किन दोन-तीन दिवस मुरलं की जास्त चांगलं लागतं, म्हणून परतीच्या प्रवासासाठी घ्या. त्यात पुष्कळदा अंडं असतं. आईसाठी व्हीगन पार्किन विचारून बघा.

राहता राहिला भारतीय हॉटेलचा प्रश्न. यॉर्कमध्ये आहेत, चांगली चाललेलीही आहेत. ब्रिटनमधली बहुतेक ‘करी हाउस’ आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या बंगाली कुटुंबांनी उभी केली आणि त्यांचा मेन्यू ब्रिटिश जिभेसाठी घडला. ती एक वेगळी आणि कष्टाने उभी राहिलेली परंपरा आहे, तिचा मान ठेवूनच सांगते की तुमच्या आईला हवा असलेला वरण-भात-भाजीचा स्वाद तिथे मिळणार नाही. मात्र ही हॉटेलं रात्री अकरापर्यंत उघडी असतात. गाडी उशिरा पोचली आणि सगळी स्वयंपाकघरं बंद झाली असली, तर तडका डाळ, भात आणि तंदुरी रोटी तिथे हमखास मिळते. नान मात्र आईला देण्याआधी विचारा, पिठात अंडं घालतात कधी कधी.

खरं भारतीय शाकाहारी जेवण हवं असेल तर लीड्सला जा. यॉर्कहून गाडीने साधारण २५ मिनिटं. लीड्स स्टेशनपासून दोन-तीन मिनिटांवर मिल हिलला ‘बुंदोबस्त’ आहे, २०१४ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी मयूर पटेल हे ‘प्रशाद’ या गुजराती शाकाहारी रेस्तराँ चालवणाऱ्या कुटुंबातले. सगळं शाकाहारी, सगळं छोट्या वाट्यांतून, आणि मेन्यूवर वडापाव आहे, भेळ आहे, भेंडीची कुरकुरीत भजी आहेत. बिअरसाठीही ही जागा प्रसिद्ध, पण दुपारी वातावरण कुटुंबाला साजेसं असतं. बाकं लाकडी, ऑर्डर काउंटरवर, सगळं कसं मोकळंढाकळं.

तुम्ही लंडनला परत जाणार असाल तर शेवटच्या दिवशी यॉर्कहून थेट गाडी धरण्याऐवजी सकाळी अकराच्या सुमारास सामानासह लीड्सला या, तिथे दुपारी जेवा आणि लीड्सहून किंग्ज क्रॉसची गाडी पकडा. तिकीट काढतानाच दोन टप्प्यांचं वेगवेगळं काढा, म्हणजे मध्ये उतरायला अडचण येत नाही. सामान जास्त असेल तर बारा वाजताच पोचा, तेव्हा टेबलाशेजारी बॅगा ठेवायला जागा असते.